कन्हैयाच्या खांद्यावरून झालेला आपला वाद

वस्ताद,

परवा तुमचं तेरावं झालं. पंगत उठल्यावर अंगणात सतरंजी टाकली आणि ज्याला जे आठवलं ते तो बोलला. मल्हारगंजातल्या एका म्हाताऱ्या पैलवानाने तुमच्या कुस्त्या सांगितल्या. कुणाला कुठे चीत केलंत, कुणाला चार माणसांनी उचलून घरी न्यावं लागलं, सगळं हातवारे करून. ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाने जन्मात दुसरं काही केलंच नाही. मग नदीपलीकडची एक माळीणबाई उठली. तिच्या मुलाचा कोपर, सुनेचा घोटा, तिचं स्वतःचं मनगट, सगळं तुम्ही बसवलेलं. पदर डोळ्याला लावून म्हणाली, "देवमाणूस होता हो. मुंगीसुद्धा मारली नसेल कधी." तो पैलवान मान खाली घालून हसला. हसू मलाही आलं.

दोघं दोन वेगळ्या माणसांबद्दल बोलत होते. उठून सांगावंसं वाटलं, की बाई, हा एकच माणूस. पण तोंड उघडेना. कारण ही दोन माणसं आहेत, दोन कामं आहेत, असं तुमच्याशी अकरा वर्षं भांडत आलो तो मीच.

ते भांडण मिटलं, वस्ताद. परवाच मिटलं, तुमच्या दारातून घरी जाताना. तुम्ही जिंकलात. ही बातमी द्यायला लिहायला बसलोय. रडायचं ते रडून झालं.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा चौदा वर्षांचा होतो. आमचे पणजोबा इंदूर संस्थानच्या रिसाल्यात, आजोबा पागेत, वडील एका कचेरीत पट्टेवाले. घोडा गेला, पागा गेली, आता साहेबाची घंटा तेवढी राहिली, असं वडील स्वतःच म्हणायचे. घरात मॅट्रिकच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मी गेलो. बी.एस्सी. झालो. हे मी मिळेल तिथे सांगतो, इथेही सांगणार. तुम्ही त्यावर मिशीत हसायचात, तरी सांगणार.

लालबाग राजवाड्याच्या मागे, नदीच्या अंगाला तुमचा आखाडा. कौलांखाली मातीचा हौद आणि बाहेर दगडी ओटा. पहाटे हौदात कुस्ती, मग अंगणात लाठी. मिलचा भोंगा होईपर्यंत ओट्यावर माणसं येऊन बसलेली असायची. कुणाची कंबर धरलेली, कुणाचं बोट निखळलेलं, कुणी पोर कडेवर घेऊन आलेली. तुम्ही हौदातून बाहेर यायचात, पंच्याने माती झटकायचात आणि त्याच हातांनी त्यांना धरायचात. आत ज्या हाताने एखाद्याची मान दाबली, त्याच हाताने बाहेर दुसऱ्याची मान मोकळी करायचात. मधे हात धुताना मी तुम्हाला कधी पाहिलं नाही. कॉलेजात जायला लागल्यावर तर मला ते बघवेना.

"वस्ताद, हातावर जंतू असतात," मी एकदा म्हणालो.

"असतील. त्यांनाही व्यायाम होतो."

सगळे खी खी हसले. तिथूनच आपला वाद सुरू झाला असावा. तुम्ही लाठी शिकवताना आमच्याच अंगावर अंगठा टेकवून जागा दाखवायचात. ही कोपराच्या वरची. इथे टोला बसला तर हात लोंबेल. आणि लोंबणारा हात घेऊन कुणी आला तर हीच जागा दाबायची, हळूहळू, तो शिव्या देईपर्यंत. शिव्या दिल्या म्हणजे हात जागा झाला. मी म्हणायचो, हे कसं जमतं तुम्हाला? मारणं वेगळं, बरं करणं वेगळं. सकाळी आत पाप करता आणि नंतर ओट्यावर बसून ते धुता.

"धुवायचंच असतं तर नदी इथे पन्नास पावलांवर आहे," तुम्ही म्हणालात. "ओट्यावर कशाला बसलो असतो?"

याला उत्तर म्हणतात का, वस्ताद? मी तेव्हा म्हणालो, नाही. तुम्ही लाठी उचलून पुढच्या पोराकडे वळलात. तुमची ती सवय. अर्धवट बोलायचं आणि उरलेलं समोरच्याच्या डोक्यात घुसळत ठेवायचं.

आता कन्हैयाबद्दल. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण माझ्या तोंडून एक गोष्ट तुम्ही कधी ऐकली नाहीत, ती ऐका.

कन्हैया मिलमध्ये साळखात्यात, मागावर कापड विणायला. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, माझ्यापेक्षा चांगला पैलवान आणि तोंडाचा माझ्यापेक्षा दहापट वाईट. घरात माळवी, मिलमध्ये हिंदी आणि तुमच्या धाकाने आखाड्यात मराठी, अशा तिन्हींची मिसळ करून तो बोलतो. मी कॉलेजात गेलो तशी त्याला माझ्यावर नवी तोफ मिळाली. "आओ बीएस्सी साहब! जरा संभाळून उतरा, कागद भिजेल." भोपाळ राजधानी झाली, वडिलांची अर्धी कचेरी तिकडे गेली आणि घरात रोज चर्चा, आता यांचं काय. माझी फायनलची परीक्षा तोंडावर. अशात हा रोज सगळ्यांसमोर माझी पुस्तकं काढायचा. माघातली सकाळ होती. थंडीने अंग आखडलेलं. मी त्याच्या हाताला पीळ घातला, तोच आपल्याकडचा, मनगट धरून हात पाठीमागे फिरवायचा आणि खांद्यावर भार द्यायचा. कधी नव्हे तो नीट बसला. आणि कन्हैयाने माझ्या मांडीवर थाप मारली. सोड, हरलो.

ती थाप मला लागली होती, वस्ताद. मी नंतर सगळ्यांना सांगितलं की कळलं नाही, घामात हात घसरला, मातीत आवाज आला नाही. खोटं. कळलं होतं. मी अर्धा श्वास जास्त धरून ठेवलं. त्या अर्ध्या श्वासात मला फार बरं वाटलं आणि मग त्याचा खांदा निखळला.

तो आवाज काय होता ते लिहीत नाही. तुम्ही अंगणात होतात, धावत आलात. मी ओरडत होतो, "टांगा आणा, हॉस्पिटल, हॉस्पिटल!" तुम्ही मला एका हाताने बाजूला केलंत. "नेशील. आधी बसवू दे. तिथे पोचेस्तोवर सूज चढेल, मग दोघंही रडाल." त्याला आडवा पाडलात, त्याच्या काखेत टाच टेकवलीत, हात धरून असा ओढला जणू विहिरीतून भरली बादली काढताय, धीराने, झटका न देता. खट्ट. कन्हैयाने तुमच्या घराण्याचा उद्धार केला. तुम्ही म्हणालात, "बसला."

मग हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरने फोटो काढला, उजेडात धरून बघितला आणि विचारलं, "किसने बिठाया?" मी तुमचं नाव सांगितलं. "उनसे कहना, फोटो के लिए मेरे पास भेजते रहें. बाकी मेरा काम उन्होंने कर दिया है." मी ते तुम्हाला शब्दन् शब्द सांगितलं तेव्हा तुमचा चेहरा हलला नाही. पण पुढे आठवडाभर ओट्यावर येणाऱ्या प्रत्येकाला ते ऐकावं लागलं. बढाई फक्त मीच मारतो असं नाही.

आणि मग तो नियम. आपल्या आखाड्याचा, तुमच्या गुरूंपासून चालत आलेला. ज्याच्या हातून दुखलं, त्यानेच बरं करायचं. सकाळ-संध्याकाळ त्याच्या घरी जायचं, लेप लावायचा, शेकायचं, पट्टी काढली की चोळायचं, तो पुन्हा हौदात उतरेपर्यंत. आणि उतरला की त्याची पहिली कुस्ती त्याच्याशीच. मला नियम माहीत होता. इतरांना तो पाळताना हसत बघत होतो. माझ्यावर आला तेव्हा हसू गेलं.

"वस्ताद, माझी परीक्षा आहे."

"त्याचा हात आहे."

"मी पास झालो नाही तर घर बसेल आमचं. वडिलांची नोकरी..."

"त्याच्या मागावर बदली माणूस आलाय. तोही घर चालवतो." मग पंचा खांद्यावर टाकत, "पुस्तक घेऊन जा, वसंता. खांद्याला वाचता येत नाही, तो काही कॉपी करणार नाही."

घरी येऊन मी तुम्हाला काय काय म्हणालो ते आईला विचारा. वडील तर उखडलेच. "कॉलेजात घातला आणि हा लोकांची अंगं रगडतोय! आमच्यात कुणी तेलपाणी केलं नाही." पण मी गेलो. अडीच महिने, दोन्ही वेळा. आधी आंबेहळद आणि रक्ताबोळाचा लेप, निर्गुडीच्या पाल्याचा शेक. नंतर पट्टी उतरली आणि तिळाचं तेल. पहिले आठ दिवस तुम्ही मागे उभे राहून माझ्या अंगठ्यावर तुमचा अंगठा ठेवलात. इथे दाबू नकोस. इथे थांब. इथे हाड नाही, भीती आहे. इथे फक्त हात ठेव. चोळू नकोस, नुसता ठेव.

आणि कन्हैया काय गप्प बसणारा!

"क्या भिया, मालिश कर रिया है के आटा गूँध रिया है?"

"गप."

"अरे, पुण्य मिळेल तुला. फेल झाला तर न्हावी होशील, चंपी येईल कामाला."

पण तोच तो, वस्ताद, ज्याने चांगल्या हाताने माझं प्राणिशास्त्राचं पुस्तक धरलं. मी मागे बसून खांदा चोळायचो, तो समोर पुस्तक धरायचा आणि मी "हं" म्हटलं की दाताने पान उलटायचा. त्याला इंग्रजी अक्षर येत नव्हतं. चित्रं बघायचा. एकदा सशाच्या सांगाड्याचं पान आलं. त्याने बराच वेळ बघितलं.

"हे कोण?"

"ससा. त्याच्या खांद्यावरून तुझा समजून घ्यायचा. रचना साधारण सारखीच."

"मतलब तू खरगोश पढके मेरा हात ठीक कर रिया है?" त्याने आतल्या खोलीत हाक मारली. "बाई! ऐकलंस का! मी ससा आहे म्हणतोय हा!" बाई म्हणजे त्याची आई. ती तिथूनच म्हणाली, "तो ससुल्या कम बोले," म्हणजे ससा तरी कमी बोलतो.

त्या पुस्तकाची पानं तेलाने पारदर्शक झाली. मागच्या बाजूची अक्षरं पुढे दिसायची. परीक्षेत सशाच्या खांद्यावर प्रश्न आला नाही, पण आला असता तर मी डोळे मिटून लिहिला असता, कारण माझ्या बोटांना तो पाठ होता. आज शाळेत मुलांना हाडं शिकवतो तेव्हा चित्र नंतर काढतो. आधी म्हणतो, शेजारच्याच्या खांद्यावर हात ठेवा. हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलं?

निकाल लागला. सेकंड क्लास. मी गुणपत्रिका घेऊन धावत आखाड्यात आलो. तुम्ही ओट्यावर कुणाचातरी पाय धरून बसला होतात.

"वस्ताद, पास झालो!"

"कन्हैयाचा हात किती वर जातो?"

मी तिथल्या तिथे रडकुंडीला आलो. "कानापर्यंत."

"कानाच्या वर गेला पाहिजे." मग तो पाय सोडलात, उठलात आणि आत गेलात. बाहेर आलात ते पेढ्यांचा पुडा घेऊन. सकाळीच आणून ठेवला होता. म्हणजे पास होणार हे तुम्हाला माहीत होतं. मला पहिला पेढा भरवला नाहीत. कन्हैयाला बोलावलंत, त्याच्या हातात पेढा दिलात, त्याच दुखऱ्या हातात, आणि म्हणालात, "तू भरव त्याला." त्याने हात उचलला. कानाच्या वर गेला. मला ठाऊकही नव्हतं. सबंध आखाडा ओरडला. माझ्या तोंडात पेढा होता, डोळ्यात पाणी होतं आणि कन्हैया म्हणत होता, "लो, बीएस्सी भी हो गया और ससा भी ठीक हो गया."

इथपर्यंत सगळं गोड. आपल्या वादाचं खरं मूळ याच्या पुढे आहे.

त्याचा हात सुधारला, पण माझा गेला. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. हौदात उतरलो की डाव लावायचो, पकड बसायची, आणि जोर द्यायची वेळ आली की बोटं आपोआप सैल पडायची. समोर कुणीही असो, कोवळा मुलगाही. मी बहाणे केले. परीक्षेने वजन उतरलं, शिकवण्या असतात, झोप कमी होते. पोरं म्हणायला लागली, शिकला आणि पोचट झाला. तुम्ही बघत होतात आणि काही म्हणत नव्हतात. मला वाटलं, तुम्हाला दिसत नाही. तुम्हाला! जो माणूस अंगणात पाठ करून उभा असताना आतला कोण खोटं खेळतोय ते पावलांच्या आवाजावरून सांगायचा.

नागपंचमी जवळ आली. आपल्या आखाड्याची वर्षाची कुस्ती, गावातली माणसं बघायला येतात. नियमाप्रमाणे कन्हैयाची पहिली कुस्ती माझ्याशी. चार दिवस आधी तुम्ही मला ओट्यावर बोलावलंत.

"त्याच खांद्याला जायचं," तुम्ही म्हणालात. "तोच पीळ. पूर्ण जोर."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कन्हैयाच्या? त्याच खांद्याला?"

"दुसऱ्या कुठल्या?"

"वस्ताद, पाच महिने झालेत फक्त! पुन्हा निखळला तर जन्माचा सैल राहील. हे मी पुस्तकात वाचलंय."

"मीही बघितलंय. तू त्याला वाचवून खेळलास तर तो घरी जाऊन काय समजेल? माझा खांदा अजून कच्चा आहे, वसंतानेही ओळखलं. मग मागावर बसेल, पोर उचलेल, तेव्हा तो हात असा अंगाशी धरूनच बसेल. ज्याला सगळे जपतात तो अवयव बरा होत नाही. चोळून अर्धा झालाय. उरलेला हौदात होईल."

"हे औषध नाही, क्रूरपणा आहे."

"बरं."

"मी करणार नाही."

"मग नियम मोडला असं सांग सगळ्यांना. मी नाही सांगणार, तू सांग."

त्या चार दिवसांत मी तुमचा जितका राग केला तितका आयुष्यात कुणाचा केला नाही. आणि नागपंचमीला लंगोट कसून उतरलो, कारण नियम मोडला असं चारचौघांत सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. त्या दिवशी हौदाभोवती माणूस माणसाला चिकटून उभा होता. कौलांवर पोरं. माझे वडील आले होते, पहिल्यांदाच, कचेरीतल्या दोघांना घेऊन. कन्हैयाने माती उचलून माझ्या खांद्यावर टाकली, मी त्याच्या. तो हळूच म्हणाला, "डरना मत भिया."

मला वाटलं, टोमणा मारतोय.

तीन-चार मिनिटं नुसती झटापट. मग संधी आली. त्याचं मनगट माझ्या हातात. मी फिरवलं, पाठीमागे नेलं, भार द्यायची जागा आली आणि बोटं सुटायला लागली. तेव्हा तुमचा आवाज आला. मोठा नाही. "वसंता, पुस्तक मीट." एवढंच. का कुणास ठाऊक, बोटं आवळली. मी सगळा जोर लावला, वस्ताद. होता नव्हता तो. अडीच महिने ज्या जागेवर अंगठा ठेवून बसलो होतो, ती जागा माझ्या छातीखाली होती आणि मी तिच्यावर अख्खा पडलो. आवाज येईल म्हणून डोळे मिटले.

आवाज आला नाही. खांदा हलला नाही. खाली दगड असावा तसा तो खांदा उभा राहिला. आणि मी या आश्चर्यात असताना कन्हैया खालून फिरला आणि मला उचलून असा आपटला की कौलावरची पोरं घसरली.

चीत. सगळ्या गावासमोर, वडिलांच्या कचेरीसमोर. मी पाठीवर पडलो होतो, तोंडात माती, आणि हसत होतो. थांबताच येईना. तो खांदा मी बांधला होता ना! मला पाडणारा तो हात माझ्या हातचा होता. लोकांनी कन्हैयाला उचललं आणि तुम्ही, तुम्ही मला उचललंत. हरलेल्याला खांद्यावर घेऊन हौदाला फेरी मारणारा वस्ताद इंदुरात त्याआधी कुणी बघितला नव्हता. वडील दुसऱ्या दिवशी माझ्यामागे आईला म्हणाले, त्याच्या हाताला गुण आहे.

तरी मी तुम्हाला माफ केलं नाही. उत्सव उतरल्यावर विचारलंच. "निखळला असता तर?"

"तर परत बसवला असता. तूच चोळला असतास."

"तुम्ही एका माणसाच्या हाताचा जुगार खेळलात."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि ओट्यावरचं तेल आत ठेवायला गेलात. पंधरा दिवस मी आखाड्याची पायरी चढलो नाही. मग चढलो, कारण हात शिवशिवत होते. पकड परत आली होती. तिचा आणि तुमचा संबंध मी लावला नाही, इतका शिकलेला होतो. पुढची आठ वर्षं दर नागपंचमीला मी तो विषय काढला आणि तुम्ही दर वेळी उठून गेलात. शेवटच्या आजारातही. मी पायाला तेल लावत होतो आणि म्हणालो, "कबूल करा, त्या दिवशी नशीब बलवत्तर होतं." तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "टाचेकडे जोर कमी आहे तुझा." हे आपलं शेवटचं संभाषण. मी तेव्हा चिडलो होतो. त्याचं वाईट वाटतं.

तर परवा. तेराव्याहून मी आणि कन्हैया पायी निघालो. लालबागच्या भिंतीकडेने चालताना मी पुन्हा तेच काढलं. म्हणालो, फार मोठा माणूस होता, पण तुझ्या खांद्याच्या बाबतीत चुकला. कन्हैया थांबला.

"तुला अजून कुणी सांगितलं नाही? हौ, सांगणार तरी कोण. मीच होतो तिथे." त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "त्यांनी शपथ घातली होती. मी आहे तोवर त्याला बोलायचं नाही. आता ते नाहीत."

मग त्याने सांगितलं. तुम्ही मला ओट्यावर बोलावलंत, त्याच्या आदल्या दिवशी दुपारी कन्हैयाला हौदात एकट्याला उतरवलंत. तोच पीळ, तुमच्या स्वतःच्या हाताने, पूर्ण जोराने. दोनदा. दुसऱ्यांदा तर तुम्ही त्याच्यावर उभेच राहिलात म्हणतो. खांदा हलला नाही. मग त्याला शेजारी बसवून म्हणालात, "तुझा खांदा आखातीजलाच, तीन महिन्यांमागेच बरा झालाय. मी वसंताला सांगितलं नाही. त्याचा हात अजून आजारी आहे. तू थाप मारली होतीस ना?"

"म्हणजे त्यांना..."

"माहीत होतं रे. पहिल्या दिवसापासून. मी म्हणालो, मारली होती वस्ताद, पण जाऊ द्या, लहान आहे. तर म्हणाले, जाऊ दे म्हणून जात नाही ते. आत बसलंय. ज्याच्यापायी बसलं त्यालाच काढावं लागेल. नियम आहे. तू उभा राहशील का?" कन्हैयाने टोपी घातली. "तर भिया, तू समझ रिया था तू मेरा इलाज कर रिया है. अपन तेरा इलाज कर रिये थे."

मी भिंतीला टेकून उभा राहिलो. माणसं बघत होती. बघू देत.

म्हणजे जुगार नव्हता. खांदा पक्का आहे हे खात्रीने कळल्यावरच तुम्ही मला त्याच्यावर सोडलंत. एवढंच सांगितलं असतंत तर मी तुम्हाला आठ वर्षं छळलं नसतं. पण सांगितलं असतंत तर मी निर्धास्तपणे जोर लावला असता आणि निर्धास्त माणसाची भीती कशी जाणार? म्हणून तुम्ही माझ्या शिव्या खाल्ल्या. दर वर्षी, न बोलता. कुस्तीने बिघडलं ते कुस्तीनेच काढलंत, तेलाच्या वाटीला हातही न लावता. मी समजत होतो, ओट्यावर औषध आणि हौदात लढाई. तुम्हाला त्या दोन जागांच्या मधे हात धुवायची गरज का वाटली नाही, ते बी.एस्सी.ला अकरा वर्षांनी कळलं. थापेची गोष्ट मी तुमच्यापासून लपवली म्हणून वर कबुली दिली, आणि तुम्हाला ती आधीपासूनच ठाऊक होती. तरी राहू देतो. माझ्या तोंडून यायला हवी होती.

आभार मानले तर तुम्ही विषय बदलला असतात. म्हणून ते न मानता, काल सकाळी काय केलं तेवढं सांगतो.

आखाडा उघडला. तुम्ही गेल्यापासून माती कुणी चाळली नव्हती, ती चाळली, तेल-ताक घालून मऊ केली. पोरं जमली. कन्हैया म्हणाला, "चल, उतर." मी म्हणालो, अरे दोघांच्याही पोटाकडे बघ. तो म्हणाला, "पेट से थोड़ी लड़ना है." उतरलो. पोरं तोंडावर हात धरून हसत होती. मग हसायची थांबली. दहा मिनिटं चालली कुस्ती, वस्ताद, खरी. आणि मी त्याला मारलं. पाठ लागली त्याची, दोन्ही खांदे मातीला, आठ वर्षांत पहिल्यांदा. तो तसाच पडून वर कौलांकडे बघत होता. धापा टाकत म्हणाला, "हौ. आता झालास बरा."

एकच झालं. पडताना त्याचा गुडघा मुरगळला. फार नाही, पण सुजलाय. आता सहा वाजत आले. तेलाची बाटली पिशवीत घातली आहे आणि निर्गुडीचा पाला आईने तोडून ठेवला आहे. निघतो. उशीर झाला की तो गल्लीभर ऐकू जातील अशा शिव्या देतो.

तुमचा,
वसंता, बी.एस्सी.